नॅशनल अकॅडमीज प्रेसचे आरोग्य-अहवाल: फुकट आहेत, पण आधी प्रश्न वाचा

आरोग्याविषयी कोणी काही ठासून सांगितले की त्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी मी जी मोजकी ठिकाणे वापरतो, त्यांत अमेरिकेतील नॅशनल अकॅडमीज प्रेसचे संकेतस्थळ सर्वांत वर आहे. गोव्यातील डिचोली तालुक्याच्या वाचनालयांत होणाऱ्या आरोग्यविषयक व्याख्यानांची टिपणे काढणे आणि गावातील माजी सैनिकांना अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत मदत करणे ही माझी निवृत्तीनंतरची दोन कामे असून दोन्हींसाठी मला या संकेतस्थळाचा उपयोग होतो. तेथे विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या बहुतेक शाखांचे हजारो अहवाल ठेवलेले आहेत. हे परीक्षण मात्र सार्वजनिक आरोग्य, वैद्यक आणि सैनिकांचे आरोग्य या भागापुरतेच आहे. माझे मत आधीच सांगतो. सेवा उत्तम आहे, विश्वास ठेवण्याजोगी आहे आणि फुकट आहे. परंतु जो अहवाल आपण उघडतो तो कोणी, कोणता प्रश्न विचारला म्हणून लिहिला गेला, हे न पाहता जो थेट निष्कर्षावर उडी मारेल, त्याची येथे हमखास दिशाभूल होईल.

या प्रेसमागे असलेली राष्ट्रीय विज्ञान अकादमी १८६३ साली, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांच्या सहीने स्थापन झाली. सरकारच्या कोणत्याही खात्याने विचारले तर शास्त्रीय विषयाचा तपास करून अहवाल द्यावा, हे काम तिच्या सनदेतच लिहिलेले आहे. वैद्यकासाठी १९७० साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन ही शाखा निघाली आणि २०१५ साली तिचे नाव नॅशनल अकॅडमी ऑफ मेडिसिन असे झाले. जुन्या अहवालांवर जुने नाव कायम असल्यामुळे नवख्या वाचकाला या दोन वेगळ्या संस्था वाटतात. तसे समजू नये.

संस्था सरकारी नाही, आणि हेच तिचे बळ आहे. एखादे खाते पैसे देते व प्रश्न देते. उत्तर देण्यासाठी बसणारे तज्ज्ञ मानधन घेत नाहीत, त्यांचे आर्थिक व इतर हितसंबंध आधी तपासले जातात, आणि तयार झालेला मसुदा समितीबाहेरच्या परीक्षकांकडे जातो. हे परीक्षक कोण होते ते अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत समितीलाही ठाऊक नसते. नंतर मात्र त्यांची नावे अहवालाच्या सुरुवातीच्या पानांत छापली जातात. पैसे देणाऱ्या खात्याला मसुद्यात हात घालता येत नाही. आपल्याकडे समित्यांचे अहवाल कित्येकदा प्रसिद्धच होत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या पद्धतीचे मोल कळते.

वापरायला ही सेवा सोपी आहे. १९९४ पासून येथील पुस्तके संगणकावर फुकट वाचता येऊ लागली आणि २ जून २०११ पासून पीडीएफ प्रतीही सर्वांसाठी फुकट झाल्या. अहवालाच्या पानावर ऑनलाइन वाचणे, पीडीएफ उतरवून घेणे आणि छापील प्रत विकत घेणे असे तीन पर्याय दिसतात. पूर्ण अहवाल कित्येकदा चारशे-पाचशे पानांचा असतो, पण प्रकरणे सुटी उतरवून घेता येतात. शेजारच्या सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत मोबाइलचा सिग्नल येऊन-जाऊन असतो, तेथे ही सोय फार कामाची आहे. प्रत्येक मोठ्या अहवालाला आरंभी सारांश जोडलेला असतो आणि त्यात शिफारशी ठळक अक्षरांत असतात. मी तेवढाच भाग ए-फोर कागदाच्या एका बाजूला दोन पाने बसवून झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतो आणि स्पायरल बाइंडिंग करून वाचनालयात ठेवतो. तो हातोहात फिरतो. पूर्ण अहवाल कोणी उघडत नाही, आणि मी त्याबद्दल कोणाला दोषही देत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण शिकलेली माणसेही तिथे चुकतात. एकसारख्या दिसणाऱ्या मुखपृष्ठांखाली येथे दोन अगदी भिन्न प्रकारचे ग्रंथ असतात. समितीने पुरावा तपासून एकमताने काढलेला अहवाल हा एक प्रकार, आणि एखाद्या कार्यशाळेत कोण काय बोलले याचा वृत्तान्त हा दुसरा. कार्यशाळेच्या वृत्तान्तात संस्थेची शिफारस नसते. तेथे वाचलेले वाक्य हे त्या एका वक्त्याचे मत असते. आमच्या भागात २०१५ पासून गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळू लागले, तेव्हापासून व्याख्यानानंतर गोचिडीबद्दल प्रश्न येतातच. या संकेतस्थळावर गोचिडीमुळे होणाऱ्या रोगांवर २०११ सालचा जो ग्रंथ सापडतो तो कार्यशाळेचाच आहे आणि त्याचा सगळा भर अमेरिकेतील लाइम रोगावर आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला आपला माकडताप हा तेथे प्रश्नाचा विषयच नव्हता, त्यामुळे सत्तरीच्या काजू बागायतदाराला त्यातून काही हाती लागणार नाही.

समितीच्या अहवालांत मला सर्वाधिक शिकवले ते व्हिएतनाममधील तणनाशकांवरच्या मालिकेने. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन सैन्याने तेथील जंगले आणि पिके नष्ट करण्यासाठी विमानांतून तणनाशके फवारली. त्यांपैकी एजंट ऑरेंज या मिश्रणात टीसीडीडी नावाचे अत्यंत विषारी डायॉक्सिन भेसळीसारखे उतरलेले होते. परतलेल्या सैनिकांच्या तक्रारींवर बरीच वर्षे वाद चालल्यावर १९९१ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा केला आणि पुराव्याची छाननी या संस्थेकडे सोपवली. पहिला अहवाल १९९४ साली आला, त्यानंतर साधारणपणे दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघत गेली आणि अकरावी २०१८ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक आवृत्तीत रोगांची चार गटांत विभागणी असते: संबंधाचा पुरेसा पुरावा, मर्यादित किंवा सूचक पुरावा, अपुरा पुरावा, आणि संबंध नसल्याचा मर्यादित पुरावा. तिसरा आणि चौथा गट एक नाहीत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र ते नेहमी एक होऊन जातात.

या मालिकेतील उच्च रक्तदाबाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. पहिल्या अहवालांत तो अपुऱ्या पुराव्याच्या गटात होता, २००६च्या आवृत्तीत तो मर्यादित पुराव्याच्या गटात आला आणि २०१८ साली पुरेशा पुराव्याच्या गटात गेला. तरीही भरपाईच्या यादीत त्याचा समावेश व्हायला २०२२ सालचा पॅक्ट कायदा यावा लागला. रक्तदाबाचा रोगी म्हातारपणी घरोघरी असतो, त्यामुळे त्याचा समावेश केल्यास खर्च किती वाढेल ही चिंता सरकारला होतीच. समितीपुढे मात्र खर्चाचा प्रश्न ठेवलेलाच नव्हता. तिला कायद्याने विचारले होते ते एवढेच, की तणनाशकाचा संपर्क आणि रोग यांच्यात सांख्यिकीय संबंध दिसतो काय, संपर्क आलेल्यांत धोका वाढतो काय, आणि शरीरात तसे घडण्याची संभाव्य जैविक वाट आहे काय. अमक्या सैनिकाचा आजार त्यामुळेच झाला काय, हे तिला विचारलेले नव्हते आणि तिने सांगितलेलेही नाही.

आमच्या शेजारी सैन्याच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन विभागातून निवृत्त झालेले एक हवालदारकाका राहतात. त्यांच्या फायलीत वैद्यकीय मंडळाचा शेरा आहे की रक्तदाबाचा विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. सारांशाची प्रत हातात घेऊन त्यांनी मला सरळ विचारले, "बाबा, हा अमेरिकन कागद अपिलाला जोडला तर चालेल का?" चालणार नाही, असेच मी सांगितले, कारण त्या अहवालाचा प्रश्न डायॉक्सिनचा आहे आणि काकांच्या सेवेत डायॉक्सिनचा संबंध नाही. त्यांच्या कामाचा कागद आपल्याच देशात आहे. २०१३ साली धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी सैनिकावर नसून सरकारवर आहे, आणि मंडळाने आपल्या मताची कारणे द्यावीत. अमेरिकेतही सैनिकाच्या बाजूने गृहीतक असते. फरक असा की तेथे अशा अहवालांच्या आधारे रोगांची यादी ठरते आणि ठरलेल्या ठिकाणी व काळात सेवा केलेल्या आणि यादीतला रोग असलेल्या प्रत्येकाला तिचा लाभ मिळतो, तर आपल्याकडे प्रत्येक जवानाला स्वतःची फाइल घेऊन वेगळे भांडावे लागते. काकांनी अहवाल परत केला नाही. शेऱ्याखाली कारण लिहिलेले आहे की नाही, हे कसे पाहायचे ते त्यांना त्यातून कळले, असे ते म्हणतात.

अपुरा पुरावा म्हणजे काय, याची दुसरी कसोटी इराक आणि अफगाणिस्तानातील छावण्यांत उघड्या खड्ड्यांमध्ये कचरा जाळला जात असे त्या प्रकरणात लागली. प्लास्टिक, रंग, बॅटऱ्या, सगळे एकत्र पेटवले जाई आणि त्याचा धूर छावणीवर पसरे. २०११ सालच्या समितीला फुफ्फुसांची क्षमता कमी होण्याबाबत मर्यादित पुरावा मिळाला, कर्करोगासह इतर बहुतेक विकारांबाबत मात्र अपुरा. २०२० साली श्वसनविकारांवर दुसरी समिती बसली. तिलाही सततचा खोकला, धाप आणि घरघर यांपलीकडे फारसे ठामपणे म्हणता आले नाही, कारण कोणता सैनिक किती धुरात किती काळ होता याची मोजमापे कोणी घेऊनच ठेवलेली नव्हती. दोन्ही अहवाल प्रामाणिक आहेत. परंतु मोजमाप न ठेवणाऱ्याच्याच पथ्यावर पडणारे हे उत्तर आहे, आणि ही गोष्ट समितीने आपल्या सौम्य भाषेत जेवढी सांगितली त्याहून मोठ्याने सांगायला हवी होती, असे माझे मत आहे. अखेर २०२२ च्या कायद्याने पुराव्याची वाट न पाहता या धुराशी जोडलेल्या अनेक विकारांना मान्यता दिली.

हिवतापाच्या गोळ्यांवरचा २०२० सालचा अहवाल गोव्यातील वाचकाला अधिक जवळचा वाटेल. बांधकामांमुळे हिवताप हा आपल्याकडे बरीच वर्षे चिंतेचा विषय राहिला, मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचे झाले, आणि राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचे क्षेत्रीय केंद्रही पणजीत आहे. अहवाल आहे तो मात्र प्रतिबंधक म्हणून सैनिकांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा, विशेषतः मेफ्लोक्विनचा. तिचे मज्जासंस्थेवरील परिणाम गोळी थांबवल्यावरही टिकून राहू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली वेष्टनावर घालायला लावला होता. समितीला विचारले गेले ते एवढेच, की गोळी बंद केल्यावर निदान २८ दिवसांनंतरही टिकणारे परिणाम पुराव्यात दिसतात काय. टाफेनोक्विन या दुसऱ्या गोळीमुळे डोळ्याच्या कॉर्नियावर, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्यावर, साचणाऱ्या भोवऱ्यासारख्या थरांचा अपवाद सोडला तर उत्तर पुरावा अपुरा असेच आले, आणि काही बाबतींत आणखी संशोधन करण्यास आधार आहे असेही समितीने नोंदवले. गोळी घेत असताना होणारी भयंकर स्वप्ने, अस्वस्थता, चक्कर हा त्या प्रश्नाचा भागच नव्हता. "अकादमीने मेफ्लोक्विन निर्धोक ठरवले" असे जो लिहितो त्याने प्रश्न वाचलेला नाही.

प्रश्न चांगला विचारला गेला की अहवाल किती उपयोगी होतो, याचे माझ्या वाचनातील उत्तम उदाहरण म्हणजे अपघाती जखमांच्या उपचारांवरचा २०१६ सालचा अहवाल. युद्धात शिकलेल्या गोष्टी नागरी रुग्णालयांत का पोचत नाहीत आणि शांततेच्या काळात सैन्य त्या का विसरते, असा प्रश्न समितीपुढे होता. तिने मांडले की २०१४ साली अमेरिकेत जखमांमुळे झालेल्या १,४७,७९० मृत्यूंपैकी वीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे तीस हजार, योग्य उपचार मिळाले असते तर टळू शकले असते. आणि २००१ ते २०११ या काळात रणांगणावर मरण पावलेल्यांपैकी जवळजवळ एक हजार सैनिकांच्या जखमा वाचवता येण्याजोग्या होत्या. त्याच सैन्यातील ७५व्या रेंजर रेजिमेंटने रक्तस्राव थांबवण्याचे प्रशिक्षण फक्त वैद्यकीय कर्मचाऱ्यांना न देता प्रत्येक जवानाला दिले, टुर्निके म्हणजे घट्ट आवळायचा पट्टा प्रत्येकाजवळ ठेवला, प्रत्येक जखमीची नोंद ठेवली आणि या कामाची जबाबदारी डॉक्टरवर नव्हे तर तुकडीच्या प्रमुखावर टाकली. टाळता येण्याजोगे मृत्यू त्या तुकडीत रुग्णालयापूर्वीच्या टप्प्यात जवळजवळ उरलेच नाहीत. जबाबदारी प्रमुखावर टाकणे, हा मुद्दा मी अधोरेखित करून ठेवला आहे.

राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीचा अपघात झाला की गोव्यात १०८ची रुग्णवाहिका येते आणि गंभीर जखमी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेला जातो. राज्य लहान असल्याने आपल्याकडे हे अंतर इतर राज्यांपेक्षा पुष्कळ कमी आहे. पण रुग्णवाहिका येईपर्यंतच्या मिनिटांत जो गाडेवाला, टॅक्सीवाला किंवा पंच जवळ असतो त्याला रक्त थांबवता येते काय, हा प्रश्न अहवाल वाचून उठलेला माणूस विचारल्याशिवाय राहत नाही. या एका अहवालाच्या सारांशावर मी तीन पूर्ण व्याख्याने दिली असती तरी विषय संपला नसता.

आहाराच्या विभागात दोन अहवाल सामान्य वाचकाने जरूर पाहावेत. व्हिटॅमिन डीवरील २०११ सालच्या अहवालाने वयाच्या एक ते सत्तर वर्षांपर्यंत रोज ६०० युनिट आणि त्यानंतर ८०० युनिट पुरेसे मानले, रक्तातील २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी जवळजवळ सर्वांना पुरते असे सांगितले, आणि तेही ऊन जवळपास मिळतच नाही असे गृहीत धरून. त्याच वर्षी अंतःस्रावतज्ज्ञांच्या एका प्रमुख संघटनेने ३० ही पातळी सुचवली होती; २०२४ साली त्याच संघटनेने तो आग्रह सोडला. आठवड्याला साठ हजार युनिटची पुडी आपल्याकडे जेवढ्या सहज हातावर ठेवली जाते, ते पाहता हा सारांश औषधाच्या दुकानात टांगून ठेवावा असे वाटते. अर्थात डॉक्टरांनी निदान करून दिलेला डोस अहवाल वाचून बंद करू नये. दुसरा अहवाल २०१९ सालचा, सोडियमचा: प्रौढांनी दिवसाला २,३०० मिलिग्रॅमच्या वर असलेले सोडियम कमी करावे. मिठाच्या हिशेबात हे पावणेसहा ग्रॅमच्या आसपास होते. पेजेबरोबर खारा बांगडा आणि वर लोणच्याची फोड घेणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. मात्र हे आकडे अमेरिका आणि कॅनडाच्या लोकांसाठी ठरवलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि आपल्यासाठी तीच मर्यादा धरणे बरे.

उणिवाही आहेत. भाषा इंग्रजीच, आणि तीही तोलूनमापून लिहिलेली, त्यामुळे एका वाक्यात तीन वेळा "कदाचित" येते आणि सवय नसलेला वाचक कंटाळतो. शोधाच्या चौकटीत साधा शब्द टाकला की कार्यशाळा, जुन्या आवृत्त्या आणि नवे अहवाल एकाच रांगेत समोर येतात; वर्ष आणि प्रकार पाहूनच पुढे जावे. सर्वांत मोठी मर्यादा अर्थात विषयांची आहे. प्रश्न अमेरिकेचे, पैसा अमेरिकेचा, म्हणून उत्तरेही त्यांचीच. आपल्याकडे अशी परंपरा नव्हती असे नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली चार खंडांत दिलेल्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना उभी राहिली, आणि आपल्या साखळीच्या किंवा वाळपईच्या आरोग्य केंद्राचे मूळ तिथेच आहे. भारतीय सैनिकांच्या आरोग्यावर वाचायचे असेल तर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून निघणारे मेडिकल जर्नल आर्म्ड फोर्सेस इंडिया पाहावे. त्याचे लेख पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण ते सुटे लेख आहेत. सगळा पुरावा एकत्र मांडून त्याची प्रतवारी करणारी आणि ती जनतेसमोर उघडी ठेवणारी आपली व्यवस्था मला अजून दिसलेली नाही.

पाचपैकी चार तारे. पहिल्यांदा जाणाऱ्याने व्हिटॅमिन डीचा सारांश घ्यावा, कारण तो छोटा आहे आणि विषय घरचा आहे. त्यानंतर जखमांवरचा अहवाल. तणनाशकांची मालिका सर्वांत शेवटी, कारण तिच्यातील तक्ते दाट आहेत आणि मागच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. प्रत्येक वेळी समितीला दिलेल्या कामाचे पान आधी उघडावे; बहुतेक अहवालांत ते पहिल्या प्रकरणात चौकटीत असते. छापील प्रत डॉलरमध्ये घेऊन वर टपालखर्च भरण्याचे काहीच कारण नाही, पीडीएफमध्ये सर्व काही आहे.